अलिबागची दोन दिवसांची सहल: आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

पुण्यातून अलिबागला जाणारे बहुतेक लोक आधी सुट्टी ठरवतात, मग हॉटेल घेतात आणि किनाऱ्यावर उभं राहिल्यावर त्यांना कळतं की किल्ल्याभोवती पाणी आहे. मग घोडागाडीवाल्याशी घासाघीस, बोटीच्या रांगेत दीड तास, नाहीतर लांबूनच दोन फोटो. कुलाबा किल्ल्याला ओहोटीच्या वेळी वाळूवरून चालत जाता येतं. ती वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सहलीची तारीख समुद्राला विचारूनच ठरवावी लागते. बाकी सगळं, म्हणजे मुक्काम, जेवण, परतीचा रस्ता, त्यानंतर आपोआप जागेवर बसतं.

तारीख कशी काढायची

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, म्हणजे तिथीची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. त्यात सहा तास आणि दहा-बारा मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटी, ज्याला किनाऱ्यावर सुकती म्हणतात. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. कोकण किनाऱ्यावर हे गणित तोंडपाठ असतं.

उदाहरण घेऊ. शनिवारी तृतीया आहे. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पहाटे सव्वादोनला भरती आणि सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी सव्वानऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी सव्वाबाराला, ऐन उन्हात.

पण वेळ जुळली म्हणजे काम झालं असं नाही. पाणी किती मागे जातं हेही बघायला लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं; भरतीला पाणी खूप वर चढतं, ओहोटीला तितकंच खूप मागे हटतं. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असते. पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. भांगेच्या ओहोटीला किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकतं. सुकतीची वेळ गाठूनही लोक पाण्यात अडकतात ते यामुळेच.

उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो. दोन्ही अटी एकत्र केल्या की उत्तर असं निघतं:

- सर्वांत चांगले दिवस: द्वितीया ते चतुर्थी. ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान, पाणी छान मागे.
- दुसरी पसंती: त्रयोदशी-चतुर्दशी. ओहोटी दुपारी चार ते पावणेपाचच्या दरम्यान. पुण्याहून त्याच दिवशी सकाळी निघणाऱ्यांना सोयीची.
- टाळायचे दिवस: सप्तमी ते दशमी.

महिन्यातून दोन पंधरवडे, म्हणजे असे दिवस दोनदा येतात. त्यातला एखादा शनिवार-रविवारवर पडतोच. याच गणितातून एक गंमत निघते. चतुर्थीची ओहोटी नेहमीच सकाळी नऊच्या आगेमागे असते. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे संकष्टी असो, विनायकी असो की माघी गणेश जयंती, भाविकांना सकाळी पायी जाता येईल अशीच वेळ समुद्र देतो. गर्दी मात्र धरून चाला. निवांत किल्ला हवा असेल तर चतुर्थी सोडून द्वितीया-तृतीया घ्या.

तिथीचा हिशेब तारीख निवडण्यापुरता. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज होते, कारण तिथी दिवसाच्या मध्येच बदलते. तारीख पक्की झाली की मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. अलिबागला ते चालतं, फरक थोड्या मिनिटांचा. वेळापत्रकात वेळेशेजारी मीटरमधला आकडा असतो, तोही वाचा. ओहोटीचा आकडा 1 मीटर किंवा त्याहून कमी असेल तर उत्तम. 1.8 ते 2 मीटर दिसला तर ती भांगेची ओहोटी आहे, चालत जायचा नाद सोडा.

जून ते सप्टेंबर हे गणित गुंडाळून ठेवा. पावसाळी समुद्राला लाट आणि वारा असतो, वेळापत्रक त्याचा हिशेब देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरे. मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो.

किल्ल्यावर किती वेळ थांबायचं

बहुतेकांना वाटतं, पाणी सहा तास एकसारखं चढतं. तसं होत नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात ते एकूण फरकाच्या एक बारांश (बारावा भाग) चढतं, दुसऱ्या तासात दोन बारांश, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन बारांश, मग पुन्हा मंदावतं. त्या दिवशी भरती-ओहोटीत 3.6 मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी 30 सेंटिमीटर चढेल, दुसऱ्यात 60 आणि तिसऱ्यात 90. म्हणजे सुकतीला जिथे घोटाभर पाणी होतं, तिथे तासाने गुडघाभर, दोन तासांनी कमरेच्या वर आणि तीन तासांनी माणूस बुडेल इतकं. ‘आत्ता तर पाणी नव्हतं’ हे वाक्य दुसऱ्या तासानंतरच ऐकू येतं.

शिवाय किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतची वाळू सपाट नाही. मध्ये सखल पट्टे आहेत आणि भरतीचं पाणी आधी तिथे शिरतं. किल्ल्याच्या पायथ्याशी तुम्ही कोरड्या खडकावर उभे असता आणि परतीची वाट मागच्या मागे भरत असते.

म्हणून वेळ अशी लावा. ओहोटी साडेआठला असेल तर सव्वासातला किनाऱ्यावरून निघायचं. चालायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पावणेआठ ते नऊ किल्ला बघायचा, नऊला बाहेर पडायचं, साडेनऊच्या आत किनारा. फोनमध्ये नऊचा गजर लावून ठेवा, कारण तटावर गेल्यावर कुणीही घड्याळ बघत नाही. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला ‘सुकती किती वाजता?’ एवढं विचारून घ्या. वेळापत्रक आणि तो यांच्यात फरक पडला तर त्याचं ऐका. अडकलातच तर पाण्यात शिरू नका. किल्ल्यात थांबून बोटीने परत यायचं. थोडे पैसे जातील, एवढंच.

पायात मागून पट्टा असलेले सँडल घाला. साधी चप्पल ओल्या वाळूत रुतून निघते आणि अनवाणी गेलं तर खडकावरच्या कालवांच्या कडा पाय कापतात. गाडी वाळूवर उतरवू नका. ओली वाळू वरून टणक दिसते, चाक एका जागी फिरलं की रुततं, आणि भरती तुमच्या ट्रॅक्टरसाठी थांबत नाही.

किल्ल्यात काय बघायचं

नकाशात नुसतं ‘कुलाबा’ टाकलं तर फोन तुम्हाला मुंबईत नेईल; ‘कुलाबा किल्ला अलिबाग’ असं पूर्ण टाका. (रायगड जिल्ह्याचं नावही 1981 पर्यंत कुलाबा जिल्हाच होतं.) शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या बेटावर किल्ल्याचं काम सुरू करवलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं बनलं.

आत शिरण्याआधी तटाचे दगड जवळून बघा. भलेमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. काम अर्धवट राहिलंय असं वाटेल, पण फटी ठेवल्यात त्या मुद्दाम. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. एकसंध भिंतीवर तोच मारा सगळा एकदम बसला असता. एखाद्या फटीत हात घाला. आतला दगड ओला लागतो.

महादरवाजा ईशान्येला, अलिबागच्या बाजूला तोंड करून आहे. आत गेल्यावर गणेश पंचायतनाचं देऊळ लागतं. हे 1759 मध्ये रघुजी आंग्र्यांनी बांधलं. देवळासमोर गोड्या पाण्याचा तलाव आहे, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांवरची अक्षरं वाचा: यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. कान्होजींच्या तोफा म्हणून लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात, पण कान्होजी 1729 मध्येच गेले. या तोफा त्यांच्या नंतरच्या, इंग्रजी ओतकामाच्या. उत्तरेकडचा छोटा कोट म्हणजे सर्जेकोट. तिथे वेळ उरला तरच जा. सव्वा तासात एवढं नीट होतं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, सुटे पैसे खिशात ठेवा. फोनने पैसे भरायला रेंज मिळेलच असं नाही.

परत आल्यावर गावात कान्होजींची समाधी बघा, फार लांब नाही. किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्टही माहीत असू द्या: मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये मुंबईच्या कुलाब्यातून ती इथे हलवली. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. इस्रायल आळीतलं बेने इस्रायली या ज्यू समाजाचं मागेन आबोथ हे प्रार्थनागृहही रस्त्यावरून बघण्यासारखं आहे. आत जायचं तर आधी विचारा, आणि शनिवारी नको, त्यांचा शब्बाथ असतो.

पुण्याहून जाताना

सोपा रस्ता द्रुतगती मार्गाने खोपोलीपर्यंत, तिथून पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. सुमारे 140 किलोमीटर. मोकळा रस्ता असेल तर साडेतीन तास, शनिवारी सकाळी आठनंतर निघालात तर पाच धरा. अडतं ते दोन जागी: खंडाळ्याच्या घाटात आणि वडखळला, जिथे मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक अलिबागच्या वाहतुकीत मिसळते. वडखळपुढचा रस्ता अरुंद आहे, तिथे एक ट्रक बंद पडला तरी मागे दोन किलोमीटरची रांग लागते. पहाटे साडेपाचला चांदणी चौक किंवा वाकड सोडलंत तर दोन्ही अडथळे गर्दीआधी पार होतात. नाश्ता पेणला करा, घाटाआधी थांबू नका.

सकाळची ओहोटी निवडली असेल तर मात्र आदल्या रात्री मुक्कामाला पोचणं भाग आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू असं ठरवलं की हिंजवडीतून बाहेर पडण्यातच तास जातो. दुपारी दोनला निघता येत असेल तर अर्धा दिवस टाकाच. एसटीने जायचं तर पुण्याहून अलिबागच्या गाड्या आहेत, आगाऊ आरक्षण करा. गावात रिक्षा मिळतात, पण चौल-रेवदंड्याला फिरायचं तर दिवसाची रिक्षा ठरवावी, जागांची नावं आणि थांबायचा वेळ सांगूनच.

मुक्काम

सकाळचा किल्ला असेल तर अलिबाग गाव किंवा वरसोली. तिथून दहा मिनिटांत किनारा. संध्याकाळच्या ओहोटीचा बेत असेल तर आक्षी किंवा नागाव बरं: नारळी-पोफळीच्या वाड्या, शांतता, घरगुती जेवण. आमचा कल आक्षीकडे. नागावचा किनारा शनिवार-रविवारी वॉटर स्पोर्ट्सच्या आवाजाने भरलेला असतो.

फोनवर चार गोष्टी विचारा. किनारा पायी किती मिनिटं? (‘समुद्राजवळ’ याचा अर्थ दोन किलोमीटरही असतो.) वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? जेवण घरातच आहे का, आणि मासे किती वाजेपर्यंत सांगायचे? गाडी आवारात लागते का? आगाऊ पैसे भरण्याआधी त्याच क्षणी खोलीचा व्हिडिओ कॉल करायला सांगा. फोटो कुठलेही उचलून खोट्या जाहिराती केल्या जातात. खरा मालक दोन मिनिटांत फिरवून दाखवतो, खोटा कारणं सांगतो.

पोहायचं असेल तर भरती चढत असताना, आणि कमरेपर्यंतच्या पाण्यात. ओहोटीत पाणी आत ओढतं, जेवढं मागे जातं तेवढं तुम्हालाही नेतं. पट्टीचे पोहणारेही यात फसतात, कारण तलावात पाणी ओढत नाही.

दुसरा दिवस: आक्षी, चौल, रेवदंडा

दक्षिणेला जाणारा एकच रस्ता आहे आणि सगळं त्यावरच. आक्षी पाच-सहा किलोमीटर, चौल पंधरा, रेवदंडा सतरा-अठरा. आक्षीचा शिलालेख चुकवू नका. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. त्यावर शके 934 हे वर्ष वाचलं गेलंय, म्हणजे इसवी सन 1012. दगड साधा, उभा, अक्षरं झिजलेली. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हाच ती उठून दिसतात. दुपारी बारा वाजता गेलात तर नुसता दगड बघून याल.

चौल हे जुनं बंदर. रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी बघून रेवदंड्याला निघा. तिथे पोर्तुगिजांचा तट गावाभोवती आहे आणि रस्ता तटातूनच आत जातो. माडांच्या वाडीत एकटा उभा असलेला सातखणी मनोरा हा त्यांच्या चर्चचा उरलेला भाग. आता सात खण मोजायला मिळत नाहीत, पण मान वर करावीच लागते. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. घोडा विकायला तो पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरला, वास्को द गामा कालिकतला पोचायच्या आधी. शाळा चालू असेल तर विचारून आत जा.

वेळ उरला तर साळावचा पूल ओलांडून कोर्लई. खाडीच्या तोंडाशी डोंगराच्या सोंडेवर किल्ला आहे. दीपगृहाकडून पायऱ्या चढायला वीस-पंचवीस मिनिटं. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज-मराठी मिसळलेली एक वेगळी बोली बोलतात. मुद्दाम बोलून दाखवा म्हणून त्यांच्या मागे लागू नका. दुकानात चहा घेताना कानावर पडते तेवढी पुरे.

खाणं

पापलेट आणि सुरमई पुण्यातही मिळते. इथे जिताडा मागा. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, तळ्यांमध्ये वाढणारा हा मासा पेण-अलिबाग भागाची खासियत आहे. रोज मिळत नाही, म्हणून आदल्या दिवशी सांगा. सोबत तांदळाची भाकरी, आणि असेल तर कालवांचं सुकं. ताटाचा भाव माशाप्रमाणे बदलतो, तेव्हा ‘आजचा जिताडा केवढ्याला’ हे बसण्याआधीच विचारा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजं म्हणून ताटात येतं ते बहुतेक बर्फातलं.

जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पोपटी. मातीच्या मडक्यात तळाशी आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला, मध्ये मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं कोंबडं. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या, अर्धा-पाऊण तास. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगा आणि पाला यांच्या वाफेवर सगळं शिजतं. शाकाहारी हवी असेल तर बटाटे आणि रताळी घालतात. सकाळी सांगितलं तर संध्याकाळी होते, ऐनवेळी नाही. आणि हो, बाजारात भाव करताना ‘मी काय अलिबागहून आलोय का’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. तिथे सगळेच अलिबागचे असतात.

परत येताना

रविवारी दुपारी तीन ते आठ या वेळात वडखळमार्गे निघू नका. रेवदंड्यात असाल तर उलटं अलिबागला जायचंही कारण नाही: साळाव, रोहा, कोलाड, सुतारवाडी, विळे, ताम्हिणी, मुळशी, पौड. कोथरूड-वारज्याच्या लोकांना हा रस्ता थेट घरी आणतो. पिंपरी-चिंचवडकरांना मात्र खोपोलीच बरी, फक्त दुपारी एकच्या आत निघा. पेट्रोल रोह्यात किंवा कोलाडला भरा, घाटात पंप नाही आणि रेंजही नाही. विळे संध्याकाळी पाचच्या आत सोडा. ताम्हिणीत दिवे नाहीत, वळणं आंधळी आहेत, आणि मुळशीजवळ रविवारी संध्याकाळी धरणावरून परतणाऱ्यांची गर्दी असते ती वेगळी.

निघण्याआधी पांढरा कांदा घ्या, हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. 2021 मध्ये अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून रस्त्यावर कुठलाही पांढरा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून विकला जातो. खरा कांदा पातीसकट वेणी घातलेल्या माळेत येतो, आकाराने मध्यम, चवीला गोडसर. कापताना डोळ्यांत फारसं पाणी येत नाही. एक कांदा कापून चाखायला मागा, शेतकरी देतो. माळ डिकीत बंद करून आणू नका, चार-पाच तासांच्या उकाड्यात तिला घाम सुटतो आणि मधले कांदे सडायला लागतात. मागच्या सीटवर मोकळी ठेवा, आणि घरी आल्यावर फ्रीजमध्ये न घालता गॅलरीच्या सावलीत खिळ्याला टांगा. खालून एकेक कांदा कापून घेत गेलं की माळ सुटत नाही.